बॅटरी बिचारी उगाच बदनाम

पाऊस लागला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूरच बदलतो. एप्रिल-मेमध्ये सगळे एसीचं रडगाणं घेऊन येतात आणि जुलैत 'सकाळी गाडी उठतच नाही'. यावेळी आलेले बरेचसे प्रश्न बॅटरीचे म्हणून आलेत, पण नीट वाचलं तर बऱ्याच जणांचं दुखणं अल्टरनेटरचं आहे, म्हणजे आपल्याकडचे जुने मेकॅनिक ज्याला अजून डायनामोच म्हणतात ते (म्हणू देत, काम नीट केलं म्हणजे झालं). म्हणून सगळे एकाच अंकात घेतोय.

प्रश्न : मागच्या आठवड्यात रात्री रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येत होतो, घरचे सगळे गाडीत आणि पाऊस असला की समोरचं काही दिसंना. साखरप्याच्या जवळपास डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा आधी मिणमिणला आणि मग कायमचाच लागला. मेव्हणा म्हणाला बॅटरी जुनी झालीय, चालतंय, उद्या बघू. आंबा घाट चढताना वायपर मंद झाले, हेडलाइट पिवळट पडले, खिडकीची काच निम्म्यात अडकली आणि एका वळणावर स्टेअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. मग गाडी बंदच. सेल्फ मारला तर नुसतं कट-कट-कट. दुसऱ्या दिवशी टो करून आणली, नवीन बॅटरी टाकली, दोन दिवस झकास चालली आणि तिसऱ्या दिवशी परत तीच कथा. दुकानदार म्हणतोय बॅटरीत दोष नाही. फसवलं का ओ आम्हाला?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुकानदाराशी भांडू नका, यावेळी तो खरं बोलतोय. तुमची जुनी बॅटरीही कदाचित ठणठणीत असेल.

बॅटरीचं काम फक्त सेल्फ फिरवून इंजिन चालू करून देण्याचं. एकदा इंजिन चालू झालं की सगळ्या गाडीला करंट पुरवतो तो अल्टरनेटर, आणि वर बॅटरी परत भरूनही ठेवतो. घरची टाकी आणि नळ समजा, नळाला पाणी येणं बंद झालं तरी टाकीत आहे तोवर कुणाला पत्ता लागत नाही, आणि टाकी संपली की सगळे टाकीलाच शिव्या घालतात. तुम्ही टाकी नवीन आणलीत, ती भरून आलेली होती म्हणून दोन दिवस चालली, नळ अजून बंदच आहे.

आता घाटातला हिशोब बघा. दोन हेडलाइट ५५ वॅटचे म्हणजे ११० वॅट, १२ व्होल्टला साधारण ९ अँपिअर. काचेवर वाफ धरू नये म्हणून लावलेला ब्लोअर ८-१० अँपिअर, वायपर ४-५, मागचे दिवे, आणि पेट्रोल पंप, इंजेक्टर, इग्निशन हे तर बंद करताच येत नाही, वर मध्येच रेडिएटरचा पंखा लागतो. बेरीज सहज ३० च्या पुढे जाते. छोट्या गाडीची बॅटरी ३५-४५ अँपिअर-अवरची (अँपिअर गुणिले तास), आणि तीही पूर्ण रिकामी होईपर्यंत कामाची नसते, व्होल्टेज पडलं की आधीच सगळं गोंधळ घालायला लागतं. म्हणजे हातात अर्धा-पाऊण तास. साखरप्यापासून घाटाच्या मध्यापर्यंत पोचलात तेवढाच.

स्टेअरिंग जड झालं त्याचं कारणही तेच. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना इलेक्ट्रिक पॉवर स्टेअरिंग आहे, वळवताना ते भरपूर करंट ओढतं, आणि व्होल्टेज कमी पडलं की ते स्वतःला बंद करून घेतं. एबीएस, एअरबॅगचे दिवे एकामागून एक लागतात तेही बऱ्याचदा याच कारणानं. लोक घाबरतात की सगळीच गाडी गेली, खरं तर सगळ्यांना उपाशी ठेवलंय एकट्यानं.

पुढच्या वेळी (येऊ नये, पण आलीच तर) तो लाल दिवा लागला की पहिल्यांदा टेम्परेचरच्या काट्याकडे बघा. कारण बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर आणि इंजिनचा पाण्याचा पंप एकाच बेल्टवर असतात. बेल्ट तुटला तर दोन्ही बंद, आणि मग इंजिन काही मिनिटांत तापतं. काटा वर चढत असेल किंवा स्टेअरिंग त्याच क्षणी जड झालं असेल (जुन्या हायड्रॉलिक स्टेअरिंगचा पंपही बऱ्याचदा बेल्टवरच असतो) तर तिथंच बाजूला घ्या, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं पॅकिंग, उडालं तर खर्च अल्टरनेटरच्या किती तरी पट. काटा जागेवर असेल तर एसी, ब्लोअर, म्युझिक, मोबाइलचं चार्जिंग सगळं बंद करा, हेडलाइट आणि वायपर सोडून. आणि इंजिन बंद करू नका, चहा प्यायलासुद्धा नाही. जवळचं गाव, पेट्रोल पंप, उजेडाची जागा गाठा आणि मगच चावी फिरवा. घाट समोर असेल तर चढूच नका, साखरप्यालाच थांबायला हवं होतं तुम्ही. मेव्हण्याला सांगा माझ्या नावानं.

प्रश्न : सर मी ऑनलाइन मल्टिमीटर मागवला, ४५० रुपयाचा. दुपारी दोन वाजता गाडी चालू करून बॅटरीवर लावला तर १३.५ आलं. सगळीकडे १४.४ पाहिजे लिहिलंय. अल्टरनेटर जायला लागलाय का? गाडी बाकी मस्त आहे. इथं मे महिन्यात मोजलं होतं हो.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : मे महिना, नागपूर, दुपारचे दोन, आणि तुम्ही बॉनेट उघडून उभे होतात! आधी तुम्हालाच ओआरएस द्यायला पाहिजे.

१३.५ ला काही झालेलं नाही. अल्टरनेटरमधला रेग्युलेटर, ज्याला दुकानात आयसी म्हणतात, तो गरमी वाढली की चार्जिंगचं व्होल्टेज मुद्दाम थोडं खाली आणतो, तापलेल्या बॅटरीला जास्त व्होल्टेज दिलं तर ती उकळते म्हणून. हिवाळ्यात पहाटे हीच गाडी १४.४ दाखवेल. तुम्ही मीटर घेतलाच आहे तर मोजायचं कसं ते सांगतो, कारण एकच आकडा बघून काही कळत नाही. रात्रभर उभ्या गाडीत, इंजिन बंद असताना, चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी भरलेली, १२ च्या खाली म्हणजे जवळपास उतरलेलीच. मग इंजिन चालू करा, दोन मिनिटं थांबा, १३.५ ते १४.७ मध्ये कुठंही आलं तर ठीक. आता खरी परीक्षा, हेडलाइट, ब्लोअर फुल, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं लावा आणि कुणाला तरी ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरायला सांगा. तरीही १३.२ च्या वर राहायला हवं. इथं १२.५ वर येऊन खाली खाली घसरत असेल तर अल्टरनेटर (किंवा त्याचा बेल्ट, किंवा त्याची वायर) दमलाय.

उलटं पण असतं, त्याकडे कुणी बघत नाही. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय आणि तो बॅटरीला जबरदस्तीनं भरवतोय. मग बॅटरीतलं पाणी महिन्याला कमी होतं, बल्ब सारखे उडतात, बॉनेट उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास येतो. तसा वास आला तर बॅटरीजवळ काडी-लायटर काही नको.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमची गाडी चालू होईना म्हणून धक्का मारून चालू केली. बाबा म्हणाले, गाडी चालू असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढ, इंजिन चालू राहिलं तर डायनामो चांगला, बंद पडलं तर खराब. शेजारचे मेकॅनिकपण हेच म्हणाले. मी काढू दिली नाही म्हणून घरात वाद चालू आहे. बरोबर कोण?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तू बरोबर आहेस, आणि हे पान बाबांच्या समोर ठेव, पण जरा प्रेमानं, कारण त्यांचंही चूक नाही, त्यांचं वय चुकलंय. त्यांच्या तरुणपणीच्या जुन्या फियाट-अँबेसिडरला खरोखरचा डायनामो असायचा, इंजिनात कॉम्प्युटर वगैरे भानगड नव्हती, आणि तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात हीच टेस्ट चालायची. मी स्वतः केलीय.

आज अल्टरनेटर एसी, म्हणजे उलटसुलट वाहणारा करंट बनवतो, त्याच्या पोटातले डायोड त्याचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करतात आणि बॅटरी मध्ये बसून सगळे हेलकावे झेलते, गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरसारखी. चालू चार्जिंगमध्ये ती वायर ओढलीस की रेग्युलेटरला सावरायला वेळच मिळत नाही, १४ चे क्षणभरात ४०-५० किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट होतात. मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), म्युझिक सिस्टीम, आणि खुद्द अल्टरनेटरचे डायोड, यातलं काहीही जळू शकतं. चांगला अल्टरनेटर तपासता तपासता मारायची ही पद्धत आहे. नागपूरकरांना वर सांगितलंय तसं मीटर लावून बघ.

मीटर नसेल तर एक बिनखर्ची गोष्ट. चावी ऑन कर, इंजिन चालू करू नको. बॅटरीचा लाल दिवा लागला पाहिजे. इंजिन चालू झालं की विझला पाहिजे. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये त्या दिव्याच्या एका टोकाला बॅटरीचं व्होल्टेज येतं आणि दुसऱ्या टोकाला अल्टरनेटरचं, दोन्ही सारखं झालं की दिवा विझतो, इतकं साधं आहे ते. म्हणून चावी ऑन करून दिवा लागलाच नाही तर 'चला, दिवा नाही म्हणजे सगळं ओके' असं समजायचं नाही, बल्ब उडालाय किंवा वायर सुटलीय, आणि काही गाड्यांत त्याच वायरीतून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, तो नाही मिळाला तर चार्जिंग सुरूच होत नाही. आणि रात्री अंधारात दिवा अगदी मंद, निखाऱ्यासारखा दिसत असेल, दिवसा दिसतही नाही, तर बहुतेक एखादा डायोड चाललाय.

प्रश्न : आठ महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या. रोज ऑफिसला नेतो तेव्हा काही प्रॉब्लेम नाही. शनिवार-रविवार उभी राहिली की सोमवारी मेलेली. चार्जिंग १४.२ येतंय, दोघांनी तपासलं. मग अल्टरनेटर तर चांगला आहे ना?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : चार्जिंग चांगलं आहे, अल्टरनेटर चांगला असेलच असं नाही. विचित्र वाटेल, पण तो भरतोही आणि पितोही.

डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. बॅटरीकडे करंट जाऊ द्यायचा, परत येऊ द्यायचा नाही. एखादा डायोड लीक झाला की गाडी बंद असताना बॅटरीतला करंट हळूहळू उलटा अल्टरनेटरमध्ये जात राहतो, बाकीचे डायोड काम करत असल्यामुळे दिवसा चार्जिंग जवळपास ठीक दिसतं. नुसता १ अँपिअर जात असेल तरी शनिवार-रविवारचे ४८ तास म्हणजे ४८ अँपिअर-अवर, बॅटरीच ४५ ची. रोज ऑफिसला जाता तेव्हा मध्ये बारा-तेरा तासच उभी असते म्हणून वाचते.

शनिवारी सकाळी, बॅटरीत अजून जीव असताना, इंजिन न लावता अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला हात लावून बघा. रात्रभर बंद असलेल्या गाडीत तो गार लागायला हवा. कोमट लागला तर चोर सापडला. नाही लागला तर इलेक्ट्रिशियनकडून बंद गाडीचा करंट मोजून घ्या, गाडी लॉक करून अर्धा तास झोपू द्यायची आणि मग बघायचं, ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर चालतं. जास्त असेल तर आधी बॅटरीची वायर काढून मग अल्टरनेटरची जाड वायर बाजूला करायची, नीट इन्सुलेट करायची, बॅटरी परत जोडून पुन्हा मोजायचं, आकडा पडला तर तोच. नाही पडला तर डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, बाहेरून बसवलेला ॲम्प्लिफायर... तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत पण मला दाट संशय आहे की यातलं काहीतरी तुमच्याकडे आहे.

आणि एफएम लावल्यावर ॲक्सिलरेटरबरोबर चढणारी-उतरणारी 'ऊंऽऽ' अशी बारीक शिट्टी स्पीकरमधून येते का बघा. तीही बऱ्याचदा डायोडचीच.

प्रश्न : सकाळी गाडी चालू केली की बॉनेटमधून कुत्र्याचं पिल्लू रडल्यासारखा आवाज येतो, दोन मिनिटांत थांबतो. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीसमोर गुडघाभर पाण्यातून काढली होती. आता एक घरघरही यायला लागलीय.
— एक वाचक, वसई

उत्तर : दोन आवाज, दोन आजार.

पिल्लू म्हणजे बेल्ट. रात्रीच्या दमटपणानं बेल्ट ओला, आणि सेल्फ मारल्यावर बॅटरीला भरायला अल्टरनेटर सगळ्यात जास्त जोर लावतो तेव्हाच तो घसरतो. बेल्टला आतून आरशासारखी चकाकी आली असेल, बारीक भेगा असतील तर बदला, त्याचा खर्च फार नसतो. घसरणारा बेल्ट तापला की जळक्या रबराचा वास येतो, पण त्या वासापर्यंत थांबू नका. बेल्टवर मेण, साबण, स्प्रे असलं काही लावू नका, आवाज जातो आणि घसरणं वाढतं.

घरघर मला जास्त चिंतेची वाटते. बहुतेक गाड्यांत अल्टरनेटर इंजिनच्या खालच्या भागात आणि हवा लागावी म्हणून जाळीचा, उघडाच असतो. गुडघाभर पाणी म्हणजे तो अक्षरशः अंघोळ करून आला, आणि वसईचं ते पाणी काय असतं ते मी लिहायला नको. गाळ बेरिंगमध्ये बसतो, ग्रीस धुऊन जातं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक अल्टरनेटरच्या बॉडीवर टेकवून मूठ कानाला लावली की बेरिंगची खरखर स्पष्ट ऐकू येते, पण हे कसलेल्या माणसाला करू दे, फिरणाऱ्या बेल्टजवळ शर्टाची बाही, ओढणी, केस काहीही नको. बेल्ट काढून पुली हातानं फिरवली तरी कळतं, खडे दळल्यासारखी लागते. बेरिंग जॅम झालं की बेल्ट जातो, आणि बेल्ट गेला की काय होतं ते वर कोल्हापूरकरांच्या उत्तरात आहे.

गाडी धुताना बॉनेट उघडून प्रेशरचं पाणी मारायची हौस असणाऱ्यांनीही हे वाचावं.

प्रश्न : मारुतीची स्मार्ट हायब्रिड आहे. चालवताना व्होल्टेज कधी १२.७, कधी १४.५. मेकॅनिक म्हणतो अल्टरनेटर बदला.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : मेकॅनिक बदला. तुमच्या गाडीत अल्टरनेटरच्या जागी आयएसजी (इंटिग्रेटेड स्टार्टर जनरेटर, म्हणजे सेल्फ आणि अल्टरनेटर एकातच) आहे, तो गाडी मंदावताना जास्त चार्ज करतो आणि ॲक्सिलरेटर दिला की हात आखडता घेतो, पेट्रोल वाचावं म्हणून. आकडा नाचणं हेच त्याचं काम. लाल दिवा लागत नसेल आणि गाडी रोज उठत असेल तर सोडून द्या, आणि शंका असलीच तर स्कॅनर असलेल्या ठिकाणी दाखवा.

प्रश्न : इलेक्ट्रिशियन म्हणतो अल्टरनेटर खोलून रिपेअर करून देतो, सर्व्हिस सेंटर म्हणतं पूर्ण नवीनच टाकावा लागेल, फरक मोठा आहे. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, सातारा

उत्तर : काय गेलंय त्यावर आहे. कार्बन, बेरिंग, आयसी, डायोड प्लेट यातलं एखाद-दुसरं गेलं असेल आणि माणूस हातातला असेल तर बिनधास्त रिपेअर करा, नवीनच्या मानानं फार कमीत होतं. स्टेटरचं, म्हणजे आतल्या न फिरणाऱ्या भागाचं, तारेचं वायंडिंग जळून काळं पडलं असेल, वास येत असेल, किंवा आतून पाणी जाऊन सगळंच गंजलं असेल तर नवीन किंवा कंपनीचा रिबिल्ट, रिवायंडिंगच्या नादी लागू नका.

माझं स्वतःचं सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी सेकंडहँड गाडी घेतली होती, खंबाटकीच्या पायथ्याशी बंद पडली, आणि मीही कोल्हापूरकरांसारखीच आधी बॅटरी बदलली, त्यांना हसायचा मला काही अधिकार नाही. नंतर तुमच्याच साताऱ्यात एका टपरीवजा दुकानात अल्टरनेटर खोलला. नवीन कार्बन असतो बोटाच्या पेराएवढा, स्प्रिंगनं फिरणाऱ्या रिंगवर दाबून बसलेला, त्यातूनच रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, करंट जातो. माझा निघाला तो हरभऱ्याच्या डाळीएवढा. खड्डा आला की रिंगवरून उचलला जायचा आणि चार्जिंग तुटायचं, म्हणून दिवा खड्ड्यातच लागायचा आणि चांगल्या रस्त्यावर विझायचा. मी चार महिने समजत होतो की डॅशबोर्डची वायर लूज आहे. त्या माणसानं नवे कार्बन सोल्डर करून बसवले, काळ्या पडलेल्या रिंगा बारीक पॉलिश पेपरनं तांब्यासारख्या चकाकवल्या, पाऊण तासात हातात दिला. पुढं मी ती गाडी विकेपर्यंत चालला.

तर त्याला दोन गोष्टी विचारा, नेमकं काय बदलणार, आणि जुना पार्ट परत देणार का. दोन्हीला सरळ उत्तर आलं तर त्याच्याकडेच करा. आणि काम झाल्यावर उतरलेल्या बॅटरीवर तसाच बसवू नका, आधी बॅटरी दुकानात रात्रभर चार्जरला लावून भरून घ्या. पूर्ण रिकामी बॅटरी भरताना अल्टरनेटर तासन्‌तास पूर्ण जोरानं चालतो, नुसता तापत राहतो. बसवून झाल्यावर त्याच्यासमोरच हेडलाइट-ब्लोअर लावून व्होल्टेज बघा आणि मगच पैसे द्या.